आधी नियम, मग स्क्रीन: गावच्या दूध संस्थेच्या उदाहरणावरून गरजा गोळा करायला शिकूया

पहिल्यांदा गरजा गोळा करायला निघालेला माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो: "तुम्हाला सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवंय?" माझ्या पहिल्या दूध संस्थेत मीही हाच विचारला होता. सचिव म्हणाले, "पावती निघाली पाहिजे, दहा दिवसांचं बिल निघालं पाहिजे, शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज गेला पाहिजे." मी वहीत तीन ओळी लिहून घेतल्या. त्यांच्या अकरा स्क्रीन झाल्या. आणि पहिल्या बिलाच्या दिवशी संस्थेच्या दारात माणसं जमली. पावती निघत होती, बिल निघत होतं, मेसेजही जात होता. आकडे मात्र चुकत होते, कारण तो आकडा ठरतो कसा, हे मी कोणाला विचारलंच नव्हतं.

तो न विचारलेला प्रश्न म्हणजे व्यवसाय नियम. तुम्ही नुकतेच बिझनेस ॲनालिस्ट म्हणून कामाला लागला असाल, किंवा प्रोग्रामिंग करता करता ग्राहकाशी बोलायची जबाबदारी तुमच्यावर आली असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. उदाहरण दूध संस्थेचं घेतलं आहे, कारण तिथे दिवसातून दोनदा, प्रत्येक किटलीमागे पैशाचा निर्णय होतो आणि तो बरोबर झाला की नाही हे शेतकऱ्याला दहा दिवसांत कळतं. पतसंस्था, दवाखाना, सोसायटीचं मेंटेनन्स बिल, कुठेही हीच पद्धत चालते.

नियम म्हणजे नेमकं काय, हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. उद्या वीज गेली, संगणक बंद पडला आणि सगळं काम वहीवर आलं, तरीही जे पाळावंच लागेल तो व्यवसाय नियम. "गाईचं आणि म्हशीचं दूध वेगळं मोजायचं" हा नियम. "पावती तीन इंची कागदावर छापायची" ही सोय. "चांगल्या दुधाला प्रोत्साहन द्यायचं" हे धोरण. ते भाषणात शोभतं, पण त्यावरून बिल काढता येत नाही. त्या धोरणाच्या पोटात कुठेतरी "एसएनएफच्या प्रत्येक पॉइंटला इतके पैसे" असा नियम दडलेला असतो. (एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट, म्हणजे स्निग्धांश, सोडून उरलेला घन भाग; पॉइंट म्हणजे त्याच्या टक्केवारीतला एक दशांश.) तो बाहेर काढणं हे आपलं काम.

हा विचार जुनाच आहे. आयबीएमच्या ग्राहकांच्या 'गाइड' नावाच्या गटाने १९९५ मध्ये व्यवसाय नियमांवरचा आपला अहवाल तयार केला. त्या कामातून पुढे आलेल्या बिझनेस रूल्स ग्रुपने २००३ मध्ये जाहीरनामा काढला. नियम हे गरजांच्या यादीतलं शेपूट नसून त्यांना स्वतःचं, पहिल्या पंक्तीतलं स्थान आहे, ही त्यातली मुख्य मांडणी. पुढे सॉफ्टवेअरची मानकं ठरवणाऱ्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने नियमांच्या शब्दसंपत्तीसाठी एसबीव्हीआर आणि निर्णयांच्या तक्त्यांसाठी डीएमएन ही मानकं आणली. ती सवडीने जरूर वाचा. पण सुरुवात करायला वही, पेन आणि पहाटे उठायची तयारी एवढं पुरतं.

पायरी १: जायच्या आधी कागद मागवा

भेटीच्या आठवडाभर आधी संस्थेकडून पाच गोष्टी मागवा: सध्याचं दरपत्रक, आधीचं एखादं दरपत्रक, संस्थेचे पोटनियम, कपातीचं रजिस्टर आणि मागच्या महिन्यातली कोणतीही सहा बिलं. बिलांवरची नावं झाकून द्यायला सांगा. आपल्याला आकडे हवेत, माणसं नकोत.

जुनं दरपत्रक कशाला, असं संस्थेत हमखास विचारतात. दोन दरपत्रकं शेजारी ठेवली की काय बदलतं आणि काय बदलत नाही ते दिसतं. दर बदलतो. एका पॉइंटची कपात कधीकधी बदलते. मूळ प्रत, म्हणजे गाईला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, सहसा जागची हलत नाही. जे वारंवार बदलतं ते पुढे सचिवांना स्वतःच्या हाताने बदलता यायला हवं, ही गरज तुम्हाला एक शब्दही न बोलता मिळाली.

इथे नवख्यांचा एक घोळ होतो. गाईच्या दुधाला अन्नसुरक्षेचं किमान मानक ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ असं आहे. दराचा पाया ३.५ आणि ८.५. हे दोन वेगळे नियम आहेत. पहिला दूध म्हणून काय विकता येईल ते सांगतो, दुसरा पैसे किती ते सांगतो. दोघांचे मालक वेगळे, आणि एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. कागदावर हे आकडे शेजारीशेजारी दिसले तरी एकाच खणात टाकू नका.

पायरी २: शब्द पक्के करा

नियम शब्दांवर उभा असतो. शब्द डळमळीत असेल तर नियम कितीही नीट लिहिला तरी बिल चुकतं.

"दहा दिवसांचं बिल" हाच शब्द घ्या. ऐकायला सरळ आहे. पण महिन्यात तीन बिलं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. म्हणजे तिसरं बिल फेब्रुवारीत आठ किंवा नऊ दिवसांचं असतं आणि मार्चमध्ये अकरा दिवसांचं. ज्या प्रोग्रामरने "मागच्या बिलापासून दहा दिवस" असं धरलं, त्याचं गणित एकतीस तारखेला गळपटतं. शब्दसूचीत सरळ लिहा: "बिल कालावधी म्हणजे महिन्याचा १ ते १०, ११ ते २० किंवा २१ ते अखेरचा दिवस."

"सभासद" हा दुसरा. दूध घालणारा प्रत्येक जण सभासद असतोच असं नाही, आणि सभासद असलेला प्रत्येक जण दूध घालतोच असंही नाही. घरात दोन खाती असतात, एक नवऱ्याच्या नावावर, एक बायकोच्या. किटली एकच येते, पण सकाळचं दूध एका खात्यावर आणि संध्याकाळचं दुसऱ्या. मग दिवाळीचा फरक, म्हणजे सणाला मिळणारी दुधामागची जादा रक्कम, वाटताना माणूस मोजायचा की खातं? फरक लिटरवर द्यायचा की बिलाच्या रकमेवर? हे प्रश्न नियम लिहिताना येतात असं वाटतं, पण मुळात ते शब्दाचे असतात. "खातं", "उत्पादक" आणि "सभासद" हे तीन शब्द वेगळे केले की अर्धे वाद तिथेच मिटतात.

आणखी एक, लिटर. काटा किलो दाखवतो आणि दर लिटरचा असतो, असं अनेक ठिकाणी आहे. गाईचं दूध पाण्यापेक्षा थोडं जड, लिटरला साधारण १.०३ किलो. म्हणजे बारा किलो दूध सुमारे ११.६५ लिटर होतं. भागाकार कोण करतो, काटा की सॉफ्टवेअर? दोघांनी केला तर शेतकऱ्याचं दूध दोनदा कमी होतं.

शब्दसूची दोन पानांवर जाऊ देऊ नका. ज्या शब्दावर दोन माणसांचं दुमत झालं तेवढेच शब्द घ्या.

पायरी ३: काट्याजवळ बसा

बैठकीच्या खोलीत माणसं नियम सांगत नाहीत, सारांश सांगतात. नियम काट्याजवळ ऐकू येतो. पहाटे साडेपाचला संकलन सुरू व्हायच्या आधी पोचा, एका बाजूला स्टुलावर बसा आणि तासभर काही विचारू नका.

कान कुठे द्यायचा ते सांगते. "फक्त", "नाहीतर", "एरवी", "शिवाय", "तेवढं सोडून", "आपल्याकडे तसं करत नाहीत", "बघून घेतो". या शब्दांच्या मागे जवळपास दर वेळी नियम असतो. एका सकाळी माझ्या वहीत उतरलेली वाक्यं अशी होती (डिग्री म्हणजे दुधात तरंगणाऱ्या लॅक्टोमीटरवरचा आकडा, तो दुधाची घनता सांगतो):

"काकी, आज डिग्री कमी आलीय, उद्या बघा, नाहीतर घेता यायचं नाही."
"त्यांचं म्हशीचं आहे, गाईच्या मशीनला लावू नको."
"मशीन बंद आहे ना, मग कालच्या फॅटवर टाक."

तिसरं वाक्य ऐकून मी सरसावून बसले. मशीन बिघडलं तर कालचा फॅट धरायचा. कालच्या सकाळचा की कालच्या संध्याकाळचा? सकाळ आणि संध्याकाळच्या दुधात फॅटचा फरक पडतो. आणि काल दूधच घातलं नसेल तर? बैठकीत हे कोणीही सांगितलं नसतं. लपवायचं म्हणून नव्हे, तर रोज करतो ते सांगण्यासारखं वाटत नाही म्हणून. गर्दी सरल्यावर चहाच्या वेळी हे प्रश्न काढले तेव्हा सचिव क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मागच्या त्याच वेळेचा. सकाळी बंद पडलं तर कालच्या सकाळचा. दूध नसेल तर मागच्या बिलाची सरासरी." वीस वर्षं पाळलेला नियम त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला असावा.

विचारताना "का?" जपून वापरा. त्यात उलटतपासणीचा सूर लागतो. "असं कधी झालंय का, की हे चाललं नाही?" असं विचारलं की माणूस मोकळेपणाने बोलतो.

पायरी ४: एक नियम, एक वाक्य

वहीतली वाक्यं घरी येऊन नीट लिहायची. प्रत्येक नियम एका वाक्यात, संस्थेतल्या माणसाला वाचून दाखवता येईल अशा मराठीत. स्क्रीन, बटण, टेबल, फील्ड यातला एकही शब्द त्यात येऊ द्यायचा नाही.

आधी मी असं लिहायचे: "मशीन बंद असल्यास सिस्टीमने योग्य तो फॅट घ्यावा." या वाक्यातला "योग्य तो" हा शब्द फार घातकी आहे. तो दिसला की समजायचं, नियम अजून सापडलेला नाही. आता असं लिहिते:

"नियम ११. फॅट मोजता आला नाही, तर त्या खात्याच्या त्याच जनावर प्रकाराच्या, त्याच वेळेच्या (सकाळ किंवा संध्याकाळ) शेवटच्या मोजलेल्या फॅटवर दर काढावा. चालू बिल कालावधीत अशी मोजणी नसेल, तर मागच्या बिल कालावधीची सरासरी घ्यावी."

आणि खाली चार छोट्या नोंदी: हा नियम कुठून आला (सचिवांचं तोंडी, संकलन काट्यावर), बदलायचा अधिकार कोणाला (संचालक मंडळ), कधीपासून लागू, आणि अपवाद कोणते. या चार नोंदींचा कंटाळा करू नका. दोन वर्षांनी कोणीतरी विचारतं, "हे असं का आहे?", तेव्हा याच नोंदी कामाला येतात.

नियमांचे प्रकार पुस्तकांत सविस्तर असतात. सुरुवातीला इतकं लक्षात ठेवा: काही नियम अर्थ ठरवतात (बिल कालावधी म्हणजे काय), काही गणित सांगतात (दर कसा काढायचा), काही अडवतात (कोणतं दूध घ्यायचं नाही) आणि काही पुढचं काम सुरू करतात (सलग तीन वेळा नाकारलं की पर्यवेक्षकाला कळवा). प्रकार ओळखला की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. अडवणारा नियम असेल तर विचारायचं: "आणि तरीही कोणी घेतलं तर?"

पायरी ५: अटी दोन झाल्या की तक्ता मांडा

एका वाक्यात "आणि", "किंवा", "पण" अशी गर्दी झाली की तो नियम वाक्यात मावत नाही. तक्ता काढा. गाईचं दूध घ्यायचं की नाही, याचा तक्ता मी सचिवांसमोर कोऱ्या कागदावर आखला आणि पेन त्यांच्या हातात दिलं. आकडे इथे उदाहरणापुरते आहेत.

| फॅट | एसएनएफ ८.५ व वर | एसएनएफ ८.० ते ८.४ | एसएनएफ ८.० च्या खाली |
|---|---|---|---|
| ३.५ व वर | पूर्ण दर | पॉइंटमागे कपात | ? |
| ३.० ते ३.४ | पॉइंटमागे कपात | दोन्हीची कपात | नाकारा |
| ३.० च्या खाली | ? | नाकारा | नाकारा |

सात घरं भराभर भरली. दोन घरांवर पेन थांबलं. तक्त्याचा खरा उपयोग हाच आहे. कोणी बोललं नाही अशी जागा तो कोरी दाखवतो.

खालचं डावं घर आधी घेऊ. फॅट फार कमी, पण एसएनएफ भरपूर. दुधावरची साय काढली की दुधाची घनता वाढते, लॅक्टोमीटर वर तरंगतो, डिग्री वाढते. कोणी पावडर घातली तरी असंच दिसतं. म्हणजे हे घर संशयाचं. पण एखाद्या गाईचा फॅट खरोखरच कमी असतो, तिला खाण्यात वैरणच कमी मिळत असते. वरच्या उजव्या घराचं उलटं. फॅट चांगला, एसएनएफ पडलेला. पाणी असू शकतं, कासदाह असू शकतो, उन्हाळ्यात चाऱ्याचा तुटवडा असू शकतो. सचिवांनी दोन्ही घरांत शेवटी लिहिलं: "घ्या, नमुना वेगळा ठेवा, गोठ्यावर जाऊन समोर धार काढून तपासा."

बघा, काय झालं ते. दोन कोऱ्या घरांतून नमुन्याची नोंद, गोठा भेटीची नोंद, त्या दुधाचा दर तोवर रोखून धरायचा की द्यायचा हा निर्णय आणि शेतकऱ्याला काय कळवायचं तो मजकूर, अशा चार गरजा निघाल्या. "तुम्हाला काय हवंय" विचारून यातली एकही मिळाली नसती. आणि कासदाह झालेल्या गाईच्या मालकाला सॉफ्टवेअरने परस्पर भेसळखोर ठरवलं असतं.

पायरी ६: "बघतो" या शब्दाशी थांबा

सगळ्यात नाजूक नियम कपातीचे असतात. इथे घाई करू नका, लागला तर अख्खा दिवस द्या.

समजा एका खात्याचं बिल ४,१८० रुपये झालं. कपात अशी: पशुखाद्य २,६००, उचलीचा हप्ता १,०००, गाय कर्जाचा हप्ता १,५००. एकूण ५,१००. बिलापेक्षा ९२० रुपये जास्त. मी विचारलं, "मग काय करता?"

"बघतो."

"म्हणजे काय बघता, दादा?"

"घरात काय चाललंय ते बघतो. पोरीची फी भरायची असली तर कर्जाचा हप्ता पुढच्या बिलात ढकलतो. अगदी मोकळ्या हाताने कसं पाठवायचं माणसाला?"

नवख्या ॲनालिस्टच्या हातून इथे दोन चुका होतात. एक तर तो "सचिवांच्या मर्जीनुसार" असं लिहून मोकळा होतो आणि प्रोग्रामर तिथे एक रिकामा रकाना ठेवतो, ज्यात कोणीही काहीही भरावं. नाहीतर तो स्वतःच शिस्त लावतो: आधी कर्ज, मग उचल, मग खाद्य, उरलं तर शेतकऱ्याचं. दुसरी चूक मला जास्त टोचते. गावात वर्षानुवर्षं जपलेली माणुसकी एका ओळीच्या कोडने पुसली जाते आणि ज्याने पुसली त्याला पत्ताही नसतो.

मर्जी हाही नियमच असतो. त्याला हद्द असते, ती विचारून घ्यायची. कोण ढकलू शकतं? कोणता हप्ता? किती वेळा? कारण कुठे लिहायचं? त्या दिवशी सचिव आणि अध्यक्ष दोघांना समोरासमोर बसवून तीन नियम लिहिले, आणि पुढच्या सभेत संचालक मंडळाने ते मंजूर केले:

"नियम २३. कपातीचा क्रम: पशुखाद्य, उचल, कर्ज."
"नियम २४. एकूण कपात कितीही असली तरी बिलाच्या रकमेचा किमान एक चतुर्थांश भाग उत्पादकाला द्यावा."
"नियम २५. सचिव एका आर्थिक वर्षात एका खात्याचा कर्जहप्ता दोनदा पुढे ढकलू शकतात, कारण नोंदवून. त्यापुढे अध्यक्षांची मान्यता लागेल."

आता तेच बिल पुन्हा काढू. ४,१८० चा चतुर्थांश १,०४५, तो शेतकऱ्याच्या हातात. कपातीला उरले ३,१३५. खाद्याचे २,६०० पूर्ण गेले, राहिलेले ५३५ उचलीत. उचलीचे ४६५ आणि कर्जाचे १,५०० पुढच्या बिलात. इथवर आल्यावर अध्यक्षांनीच विचारलं, "आणि पुढे गेलेल्या पैशावर व्याज लागणार का? यात तर सचिवांनी काही ढकललंच नाही, पैसेच पुरले नाहीत." तो नियम २६ झाला. आकडा घालून नियम चालवून बघितला की पुढचा नियम असा स्वतःहून समोर येतो.

मंजुरी कोणाची, हे विसरू नका. चतुर्थांश ठेवायचा की तिसरा हिस्सा, हे ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही, प्रोग्रामरला नाही, एकट्या सचिवांनाही नाही.

पायरी ७: जुन्या बिलांवर नियम चालवून बघा

पहिल्या पायरीत मागवलेली सहा बिलं आता काढा. लिहिलेले नियम हातात घ्या आणि कॅल्क्युलेटरवर ती बिलं पुन्हा काढा. रक्कम पैशापर्यंत जुळली तर नियम खरा. नाही जुळली तर एकतर नियम अपुरा आहे, किंवा संस्थेचं बिल चुकलेलं आहे. दोन्ही कळणं मोलाचं.

माझ्या सहा बिलांतली चार जुळली, दोन जुळेनात. दोन्ही जुन्या लॅक्टोमीटरवर काढलेली होती. लॅक्टोमीटरची तापमानानुसार दुरुस्त केलेली डिग्री आणि फॅट यांवरून एसएनएफ काढायचं सूत्र असतं: डिग्रीचा चौथा भाग, अधिक फॅटचा ठराविक अंश, अधिक एक स्थिर आकडा. हा स्थिर आकडा सगळीकडे एक नाही. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानाला आखलेला आहे आणि त्या भागात काय वापरात आहे, त्यावर तो ठरतो. एका पद्धतीत फॅटला ०.२१ ने गुणून ०.३६ मिळवतात, दुसरीत ०.२२ ने गुणून ०.७२.

डिग्री २८ आणि फॅट ३.५ घ्या. पहिल्या पद्धतीने: ७ + ०.७३५ + ०.३६ = ८.०९५. दुसऱ्या पद्धतीने: ७ + ०.७७ + ०.७२ = ८.४९. त्यात आणखी एक प्रश्न. एक दशांश ठेवताना जवळचा आकडा धरायचा की पुढचं नुसतं सोडून द्यायचं? जवळचा धरला तर ८.१ आणि ८.५. सोडून दिलं तर ८.० आणि ८.४. तीच गाय, तीच किटली, आणि चार वेगळे एसएनएफ.

आता पैशात बघा. समजा एसएनएफच्या एका पॉइंटला ३० पैसे कपात आहे. ८.५ आणि ८.१ मध्ये चार पॉइंट, म्हणजे लिटरला १ रुपया २० पैसे. दोन्ही वेळा मिळून रोज २४ लिटर घालणाऱ्या घराचं दहा दिवसांत २८८ रुपयांचं अंतर. ज्या घरात बिलाच्या दिवशी किराणा भरला जातो, तिथे ही रक्कम लहान नाही. हा सगळा फरक नुसत्या सूत्राचा, पूर्णांकनाचा त्याहून वेगळा, आणि दोन्ही दरपत्रकावर कुठेही छापलेले नव्हते. म्हणून गणिताचा प्रत्येक नियम लिहिताना शेवटी दोन ओळी हव्यातच: किती दशांश ठेवायचे आणि शेवटचा आकडा कसा धरायचा. मधल्या प्रत्येक टप्प्यावर की फक्त शेवटी, हेही लिहा.

पायरी ८: नियमाला तारीख बांधा

ज्या दूध संघाला संस्था दूध पाठवते, त्याचं दर बदलल्याचं पत्र तीन तारखेला येतं आणि त्यात लिहिलेलं असतं, "दिनांक एकपासून लागू." दोन दिवसांच्या पावत्या तर वाटून झाल्या. मग पावत्या बदलायच्या, की बिलात फरक दाखवायचा? आणि "एकपासून" म्हणजे एक तारखेच्या सकाळपासून ना? हे आत्ताच विचारून ठेवा, पत्र आल्यावर विचारायला वेळ नसतो.

२०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं आणि त्याच वर्षात पुढे ते ७ रुपये केलं. पैसे थेट उत्पादकाच्या बँक खात्यात, आणि त्यासाठी जनावराच्या कानातल्या टॅगची नोंद हवी होती. यात नवीन काय काय आलं ते मोजा. "जनावर" ही आजवर फक्त गाय किंवा म्हैस अशी खूण होती, ती आता क्रमांक असलेली नोंद झाली. दराशिवाय पैशाचा दुसरा प्रवाह आला, जो संस्थेच्या बिलातून जातच नाही, म्हणजे त्यातून खाद्याची कपात करायचा प्रश्नही येत नाही. आणि रक्कम बदलली तेव्हा मागची तारीख, पुढची तारीख सांभाळणं आलं. ज्या ठिकाणी दराचा नियम एका जागी, तारखेसह लिहिलेला असतो, तिथे असा बदल म्हणजे चार ओळींची भर. जिथे तोच नियम पावतीच्या, बिलाच्या आणि अहवालाच्या कोडमध्ये तीन वेळा उतरवलेला असतो, तिथे तिसरी जागा राहूनच जाते.

पायरी ९: आता गरजा लिहा

स्क्रीनबद्दल बोलायची वेळ आत्ता आली. प्रत्येक नियमासमोर लिहा: हा पाळण्यासाठी सॉफ्टवेअरने काय करायचं? नियम ११ वरून निघतात: फॅट "मोजलेला" की "धरलेला" अशी खूण, पावतीवर ती दिसणं, महिन्यात किती वेळा धरला त्याचा अहवाल, आणि तपासणीसाठी तीन उदाहरणं (काल दूध होतं, काल नव्हतं, खातं अगदी नवं आहे). तिसरं उदाहरण लिहिताना कळतं की नव्या खात्याला मागची सरासरीच नसते, आणि तुम्ही पुन्हा सचिवांना फोन लावता. लावाच.

उलट बाजूनेही तपासा. जी गरज कोणत्याच नियमाला किंवा कोणाच्याही रोजच्या कामाला जोडता येत नाही, ती बाजूला काढून मालकाला विचारा. अशा बऱ्याचशा गरजा कोणीतरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेल्या असतात.

एका मध्यम आकाराच्या संस्थेचे पन्नास-साठ नियम होतात. ते सगळे सलग क्रमांकाने एका वहीत किंवा साध्या एक्सेलमध्ये ठेवा. महागडी साधनं लगेच घेऊ नका. क्रमांक एकदा दिला की बदलायचा नाही. नियम रद्द झाला तरी क्रमांक तसाच ठेवून पुढे रद्द झाल्याची तारीख लिहायची, कारण जुन्या बिलाची तक्रार त्याच जुन्या नियमाने सोडवायची असते.

आणि शेवटचं काम: ही नियमपत्रिका छापून संस्थेत मोठ्याने वाचून दाखवा. सचिव, काट्यावरचा मुलगा, एखादे संचालक आणि जमलं तर दूध घालणारी दोन माणसं यांच्यासमोर. आमच्या वाचनात नियम ११ आला तेव्हा दूध घालायला आलेल्या एक काकी म्हणाल्या, "अन् मधल्या काळात गाय व्यालेली असली तर? शेवटचा फॅट तर आधीच्या वेताचा." काट्यावरच्या मुलाने मान डोलावली, सचिवांनी पेन काढलं, आणि नियमाखालच्या अपवादाच्या रिकाम्या ओळीत पहिली नोंद झाली.